दिसणे आणि कळणे : सोन्याचे कण, विकरे आणि फवारणी करणारा माणूस

(सातारा आणि सांगली येथे दिलेल्या दोन व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सांगलीत बोलायचं म्हटल्यावर हळदीपासून सुरुवात करायला हरकत नाही. जेवताना सदऱ्यावर हळदीचा डाग पडतो. घरी येऊन साबण लावला की पिवळा डाग एकदम लाल होतो, आणि वाळल्यावर पुन्हा पिवळा. आपल्या आया-आज्यांना याचं नवल नव्हतं. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे त्यांना ठाऊकच होतं. हळद अल्कली ओळखते आणि रंग बदलून सांगते. म्हणजे आजच्या भाषेत तो डाग हा एक संवेदक आहे.

पण बघा, तो डाग काय सांगत नाही? साबण लागला, चुना लागला की पापडखार लागला, हे तो सांगत नाही. त्याने फक्त ‘अल्कली’ एवढंच सांगितलं. बाकीचं आपण ठरवलं, कारण साबण आपणच लावला होता. डाग लाल झाला हे दिसलं. तो कशाने झाला हे कळायला आणखी काहीतरी माहीत असावं लागतं. दिसणं आणि कळणं यांतलं हे अंतर, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही रसायनशास्त्राचे नाही. आमचं आयुष्य तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवण्यात गेलं. मग नॅनो कण आणि जैवसंवेदक यांवर बोलण्याचा आम्हाला काय अधिकार? एवढाच, की ‘रक्ताच्या एका थेंबात रोग ओळखणारी पट्टी’ अशी बातमी वाचली की त्यात एक अनुमान दडलेलं असतं. आणि अनुमान तपासणं हे आमचं काम आहे.

पूर्वपक्ष

आपल्या परंपरेत खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं असतं. तेव्हा आधी या तंत्रज्ञानाची बाजू.

विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातली रासायनिक कामं वेगाने घडवून आणणारी प्रथिनं. काही रोगांत एखादं विकर रक्तात वाढतं, काहींत कमी होतं. यकृताला इजा झाली की डॉक्टर म्हणतात, ‘एसजीपीटी वाढलंय.’ तेही एक विकरच. संवेदकांच्या बाबतीत इथे एक भेद लक्षात ठेवा. घराघरांत साखर तपासायचं जे यंत्र आहे, त्याच्या पट्टीवरही विकर असतं. त्या कल्पनेची मुळं 1962 साली क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलेल्या विकर-इलेक्ट्रोडमध्ये आहेत. पण तिथे विकर हे पाहणारं आहे, पाहायची आहे ती साखर. आज आपण ज्यांच्याविषयी बोलतोय त्या संवेदकांत विकर हेच पाहायचं आहे.

आता नॅनो. मीटरचा एक अब्जांश म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. सोनं दहा-वीस नॅनोमीटरचे कण करून पाण्यात ठेवलं, की ते पिवळं दिसत नाही, माणकासारखं लाल दिसतं. फॅरेडेने 1857 मध्ये याचा अभ्यास केला. हेच कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले की रंग जांभळा-निळा होतो. दुकानात मिळणाऱ्या गर्भधारणा चाचणीत जी तांबडी रेघ उमटते, तीही बहुतेक वेळा अशाच सोन्याच्या कणांची असते. म्हणजे नॅनो ही काही दूरची गोष्ट नाही.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र आणू, आणि आपल्या जिल्ह्याच्या कामाचं विकर घेऊ: अॅसिटिलकोलिनएस्टरेज. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो अॅसिटिलकोलिन नावाच्या द्रव्याने. निरोप पोचला की ते द्रव्य लगेच पुसून टाकावं लागतं, नाहीतर स्नायू थांबतच नाही. फळ्यावरचं पुसणारं डस्टर म्हणजे हे विकर. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू पुसतो. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं नेमकी या डस्टरवर जाऊन बसतात. कीड मरते ती त्यामुळेच. फवारणाऱ्या माणसाच्या अंगात ते गेलं तर त्याचंही तेच होतं. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, स्नायू थडथडणं, आणि शेवटी श्वास.

सुदैवाने हेच विकर रक्तातल्या तांबड्या पेशींवरही असतं. ते किती काम करतंय हे मोजलं, की विष किती लागलं याचा अंदाज येतो. सोन्याच्या कणांची युक्ती अशी: रक्ताच्या नमुन्यात एक पदार्थ घालायचा. विकर ठणठणीत असेल तर ते त्या पदार्थाचे तुकडे करतं, त्यातून गंधकयुक्त द्रव्य सुटतं, त्याने सोन्याचे कण एकत्र येतात आणि रंग निळा होतो. विकर विषाने बांधलं गेलं असेल तर रंग लालच राहतो. लाल म्हणजे धोका. यंत्र नको, प्रयोगशाळा नको, बागेच्या बांधावर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. तासगाव, पलूस, कवठे महांकाळ भागात ज्याने फवारणी पाहिली आहे, त्याला याची किंमत सांगावी लागणार नाही. हा पूर्वपक्ष. तो कमजोर नाही.

महानस आणि पर्वत

साताऱ्यात बोललो तेव्हा आम्ही वाईची आठवण काढली होती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी आणि मराठी विश्वकोशाशी लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांच्या नावामागचं ‘तर्कतीर्थ’ हे न्यायशास्त्राच्या परीक्षेचं बिरुद. त्या न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर दिसला, अग्नी कळला. मधे आहे ती व्याप्ती, म्हणजे ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ हा नियम. आणि तो नियम आपण शिकलो कुठे? महानसात, म्हणजे स्वयंपाकघरात, चुलीपाशी.

आता हे संवेदकाला लावून पाहा. प्रयोगशाळा हे महानस आहे. तिथे सगळं आपल्या हातात असतं. शुद्ध विकर, स्वच्छ द्रावण, ठरलेलं तापमान, मोजून घातलेलं विष. तिथे लाल-निळा रंग बिनचूक बोलतो. शोधनिबंध तिथेच लिहिला जातो. पण आपल्याला अनुमान करायचंय ते डोंगरावर, म्हणजे खऱ्या माणसाच्या रक्तात, एप्रिलच्या उन्हात, द्राक्षाच्या बागेत.

डोंगरावर तीन अडचणी येतात. तिन्ही नैयायिकांना माहीत होत्या.

पहिली अडचण धुक्याची. पावसाळ्यात अजिंक्यताऱ्यावर जे पांढरं रेंगाळतं तो धूर नसतो, हे सातारकराला सांगायला नको. बाहेरच्याला मात्र तो धूर वाटू शकतो. सोन्याचे कण फक्त विकराच्या कामामुळेच एकत्र येतात असं नाही. नुसत्या क्षारांनीही येतात. उलट रक्तातली प्रथिनं त्या कणांवर थर देऊन त्यांना एकत्र येऊच देत नाहीत. रक्तात स्वतःची गंधकयुक्त द्रव्यंही असतात. त्यातून विकराचा वेग तापमानावर अवलंबून असतो. दिवाळीच्या पहाटेचा थेंब आणि मे महिन्यातल्या दुपारचा थेंब, विकर तेवढंच असूनही वेगळं बोलतील. आणि सर्वांत साधी गोष्ट: ज्या बोटाला टोचायचं, त्याच बोटाला औषध लागलेलं असेल तर? ते विष थेंबात उतरतं आणि थेंबातलं विकर तिथेच मारतं. पट्टी लाल राहते. विष बोटावर होतं, आपण समजलो रक्तात आहे.

दुसरी अडचण व्यभिचाराची. शब्द दचकवणारा आहे, पण न्यायात त्याचा अर्थ एवढाच की खूण एकीकडेही सापडते आणि दुसरीकडेही. रक्तद्रवात याच कुळातलं एक भावंड-विकर असतं, ते मोजायला सोपं म्हणून पुष्कळदा तेच मोजतात. पण ते यकृताच्या आजारात कमी होतं, कुपोषणात कमी होतं, गरोदरपणात कमी होतं, काही घराण्यांत जन्मतःच कमी असतं. म्हणजे धूर आहे, अग्नी वेगळाच आहे.

तिसरी अडचण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. धुरावरून अग्नी ठरवता येतो, पण अग्नीवरून धूर ठरवता येत नाही. लोहाराच्या भट्टीतला तापलेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं इंधन लागतं. या ओल्या इंधनाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे नियमाला गुपचूप चिकटलेली अट. आपल्या बाबतीत अट काय? विष ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट वर्गातलंच असलं पाहिजे. तरच हे विकर कमी होणार. द्राक्षबागेत सर्वांत जास्त फवारणी कशाची? दावण्या आणि भुरीवरच्या बुरशीनाशकांची. कीटकनाशकांतही पायरेथ्रॉइड आहेत, निओनिकोटिनॉइड आहेत. ही या विकराला हात लावत नाहीत. पट्टी निळी होईल, माणूस ‘नॉर्मल’ ठरेल, आणि त्याच्या अंगात तापलेला गोळा असेल.

म्हणून पट्टी ‘धोका’ म्हणाली तर एक वेळ ऐका. ‘सुरक्षित’ म्हणाली तर विचारा, कशापासून सुरक्षित?

हे फक्त विषाच्याच बाबतीत आहे असं समजू नका. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी पीएसए नावाची चाचणी करतात. ते पीएसए सुद्धा एक विकरच. ते सापडणं सोपं होतं, म्हणून अमेरिकेत सरसकट तपासणी सुरू झाली. त्यातून असे असंख्य कर्करोग सापडले, की ज्यांनी त्या माणसाला आयुष्यात कधी त्रास दिला नसता, पण शस्त्रक्रियेने दिला. 2012 मध्ये तिथल्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने सरसकट तपासणी नको अशी शिफारस केली. 2018 मध्ये ती सौम्य करून, 55 ते 69 वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, असं म्हटलं. विकर बिनचूक सापडत होतं. अनुमान चुकत होतं.

ऐंशी टक्के कशाचे?

या क्षेत्रातल्या निबंधांची एक आवड आहे. आम्ही किती कमी प्रमाण ओळखू शकतो, यावर सगळी चढाओढ. काल कोणी नॅनो म्हणालं तर आज पिको, उद्या फेमटो. अभिमान वाटण्यासारखं कौशल्य आहे, शंका नाही. पण आपल्या कामाला ते हवंय का?

तांबड्या पेशींवर हे विकर भरपूर असतं. कणभर विकर शोधायचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो शंभरातलं ऐंशी झालं का, हे खात्रीने सांगण्याचा. सोनाराच्या तराजूची नजाकत इथे कामाची नाही. धान्याच्या काट्याने रोज तेच वजन तसंच दाखवलं पाहिजे.

आणि ऐंशी टक्के म्हणजे कशाचे? इथे कॅलिफोर्नियाचा नियम समजून घेण्यासारखा आहे. तिथे 1974 पासून, ठरावीक कीटकनाशकं नियमित हाताळणाऱ्या मजुरांवर वैद्यकीय देखरेख ठेवावी लागते. हंगामाआधी, अंगाला विष लागण्याआधी, प्रत्येकाचं स्वतःचं माप घेतात. नंतरची मोजणी त्या मापाशी ताडतात. विकर त्याच्या स्वतःच्या मापाच्या 80 टक्क्यांखाली आलं, तर मालकाने कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतलं 70 टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं 60 टक्क्यांवर उतरलं, तर माणसाला त्या कामावरून बाजूला करायचं, आणि पुन्हा 80 वर येईपर्यंत परत घ्यायचं नाही.

स्वतःचं माप का? कारण निरोगी माणसामाणसांतच या विकरात खूप फरक असतो. ज्याचं मुळात उंच आहे त्याचं तीस टक्क्यांनी उतरलं तरी तो ‘नॉर्मल’च्या रेघेत बसतो. म्हणजे एकदा केलेली एकच चाचणी, मग ती कितीही सूक्ष्म असो, अर्धवट वाक्य आहे. ‘याचं इतकं आहे.’ बरं, मग? काल किती होतं? कुठलाही नॅनो कण गेल्या आश्विनातलं माप आज सांगू शकत नाही. ते कोणीतरी तेव्हा घेऊन वहीत लिहून ठेवलेलं असावं लागतं.

आमच्या टीकेचा गाभा हा आहे, मित्रहो. संवेदकाची संवेदनशीलता वाढवून ज्ञान आपोआप वाढत नाही. ज्ञान तुलनेत आहे. आणि तुलना ही वस्तू नसून व्यवस्था आहे.

1961 ची पद्धत आणि 2017 चं यवतमाळ

आता एक कडू गोष्ट. हे विकर मोजण्याची साधी पद्धत 1961 मध्ये एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. द्रावण पिवळं होतं, पिवळेपणा मोजायचा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतं तसलं रंगमापक यंत्र पुरतं.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं गेली. नंतर चौकशी झाली तेव्हा पुढे आलं, की जिथे हे रुग्ण नेले जात होते तिथे या विकराची चाचणी करण्याची सोय नव्हती. पुन्हा ऐका. सोय नव्हती ती नॅनो-संवेदकाची नव्हे, 1961 च्या पद्धतीची. छप्पन्न वर्षं जुन्या पद्धतीची. तिथे वापरलेल्या औषधांत या विकराला न बांधणारीही होती, ती अडचण वेगळीच.

तेव्हा अडचण नेमकी कुठे आहे? ‘शोध लागत नाहीत’ इथे आहे, की ‘लागलेला शोध माणसापर्यंत जात नाही’ इथे? दुसरी असेल, तर आणखी सूक्ष्म पट्टी हा पहिल्या अडचणीवरचा उपाय दुसऱ्या अडचणीला लावणं आहे.

द्राक्ष आणि माणूस

आमच्या चुलत भावाची बाग आहे. मोठी नाही. एका वर्षी फळछाटणीनंतरच्या दिवसांत फवारणीला येणाऱ्या गड्याला दुपारी गरगरायला लागलं, उलटी झाली. भाऊ म्हणाला, ‘औषधाचा वास लागला असेल.’ लिंबू-सरबत दिलं. संध्याकाळी एका दवाखान्यात नेलं, तिथे ‘पित्त आहे’ म्हणून सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा पंप घेऊन बागेत. आम्ही त्या वेळी तिथेच होतो, आणि आम्हीही काही विचारलं नाही. तर्कशास्त्राचे प्राध्यापक!

‘औषध’ हा शब्द बघा. आपण ‘औषध मारतो’. ‘अमक्याने औषध घेतलं’ असं कोणी आवाज उतरवून सांगितलं, की त्याचा अर्थ काय ते गावात सगळ्यांना कळतं. विषाला आपण औषध म्हणतो, आणि मग त्याने झालेल्या विषबाधेला पित्त म्हणतो. भाषेतच खूण पुसलेली असेल, तर पट्टीवर ती कशी दिसणार?

याच बागेतल्या द्राक्षाचं मात्र कसं असतं? निर्यातीचा माल असेल तर बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अंश तपासले जातात. अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था आहे, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ज्या औषधासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅम. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, केवढा हाहाकार झाला होता! ती व्यवस्था चांगलीच आहे, आमची तिच्याबद्दल तक्रार नाही. पण यावरून एवढं तर सिद्ध होतं, की मोजमापाची शिस्त आपल्याला जमते. घडाला बागेचा क्रमांक आहे, नोंद आहे, प्रयोगशाळा आहे. तो घड पिकवण्यासाठी हंगामभर फवारे अंगावर घेणाऱ्या माणसाच्या रक्ताची एका ओळीचीही नोंद नाही.

बोट कोण पुढे करणार?

सांगलीला एका तरुणाने विचारलं, ‘सर, मग संशोधन करूच नये का?’

करावं. जरूर करावं. आपल्या भागातली मुलं सोन्याचे कण बनवतात, कार्बनचे ठिपके बनवतात, त्यावर निबंध लिहितात, याचा आम्हाला आनंद आहे. आमचं म्हणणं एवढंच, की निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘ही पद्धत रोगनिदानासाठी उपयुक्त ठरेल’ हे वाक्य सवयीने लिहू नका. ते वाक्य म्हणजे महानसातून डोंगरावर मारलेली उडी आहे. उडी मारायची तर आधी सांगा: खऱ्या रक्तात तपासलं का? किती माणसांच्या? उन्हात ठेवलेली पट्टी महिन्याने तेच बोलते का? जुन्या पद्धतीशी ताडून पाहिलं का? आणि कोणतं विष तुमच्या पट्टीला दिसत नाही, ते पाकिटावर लिहाल का?

दुसरा प्रश्न साताऱ्याला एका बाईंनी विचारला, आणि तो आमच्यापेक्षा खोल होता. त्या म्हणाल्या, ‘पट्टी लाल राहिली, तर त्या माणसाचा दुसऱ्या दिवसाचा रोज कोण देणार?’

आम्ही क्षणभर गप्प झालो. कारण ज्ञानाची सगळी चर्चा आम्ही केली, पण ज्याच्याविषयी ते ज्ञान आहे त्याने बोट पुढे का करावं, हे विचारलंच नव्हतं. कामावरून बाजूला होणं म्हणजे चूल न पेटणं असेल, तर शहाणा माणूस बोट मागे घेईल. मग पट्टी कितीही खरी असो, तिच्यावर थेंबच पडणार नाही. विकर शोधणारी व्यवस्था उभी करताना रोजाची भरपाई हा दयेचा भाग नाही, तो पुराव्याचाच भाग आहे. तिच्याशिवाय पुरावा गोळाच होत नाही.

तेव्हा येत्या ऑक्टोबरच्या छाटणीआधी काय करता येईल? नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही. एखाद्या गावातल्या पाच-पन्नास फवारणी करणाऱ्यांचं पहिलं माप फवारणी सुरू होण्याआधी घ्यावं, हात साबणाने धुऊन, शिरेतून रक्त काढून, त्याच जुन्या पद्धतीने. हंगामात पुन्हा घ्यावं. कोणतं औषध कधी मारलं हे शेजारी लिहावं. द्राक्ष बागायतदारांनी, डॉक्टरांनी आणि महाविद्यालयांनी मिळून रोजाची तजवीज करावी. मग त्या वहीशेजारी आपल्या पोरांची सोन्याची पट्टी ठेवा आणि ताडून बघा. पट्टी खरी ठरली तर आम्हीच पहिले टाळ्या वाजवू, आणि पुढच्या हंगामात रक्त शिरेतून काढायची गरजही उरणार नाही.

आम्ही मात्र घरी गेल्यावर पहिलं काम करणार आहोत ते भावाला फोन करण्याचं. त्या गड्याला त्या दिवशी नेमकं काय मारायला दिलं होतं, हे विचारायचं राहून गेलंय.